किटी वेल्स : एका जवाबी गाण्याची कहाणी

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीत हे मुळात दक्षिणेकडील शेतकरी, मजूर व खेड्यापाड्यांतील माणसांचे संगीत होय. १९५० च्या सुमारास या क्षेत्रात पुरुषांचेच राज्य होते. एकट्या बाईच्या ध्वनिमुद्रिका खपत नाहीत, अशी कंपन्यांची ठाम समजूत होती. ही समजूत खोटी ठरवली ती किटी वेल्स यांनी.

त्यांचे मूळ नाव एलेन म्युरिएल डीसन. जन्म ३० ऑगस्ट १९१९ रोजी नॅशव्हिल येथे. शाळा अर्धवट सोडून त्या कारखान्यात शर्टांना इस्त्री करण्याच्या कामाला लागल्या. १९३७ मध्ये गायक जॉनी राइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ‘किटी वेल्स’ हे नाव पतीनेच एका जुन्या गीतावरून दिले.

१९५२ साली हँक थॉम्पसन यांचे एक गाणे गाजत होते. संसार सोडून मद्यगृहाच्या झगमगाटात रमलेल्या स्त्रीला त्यात बोल लावला होता. आपल्या तमाशात सवालाला जवाब येतो, तसा या गाण्याला जे. डी. मिलर यांनी जवाब लिहिला. स्त्री वाट चुकते तेव्हा तिला फसवणारा पुरुषही दोषी असतो, हे त्याचे सार. ३ मे १९५२ रोजी किटींनी ते ध्वनिमुद्रित केले. एनबीसी नभोवाणीने ते वर्ज्य ठरवले. तरीही ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत ते सहा आठवडे पहिले राहिले. एकट्या गायिकेला हा मान प्रथमच मिळाला.

येथे एक शंका येते. शब्द पुरुषाचे, किटींनी ते गायले १२५ डॉलर मेहनतान्यासाठी, आणि त्या तर साध्यासुध्या संसारी बाई. मग त्यांना अग्रणी का म्हणावे? माझ्या मते उत्तर त्या साधेपणातच आहे. साध्या सुती पोशाखातील, तीन मुलांची आई हे सांगू लागली, तेव्हा ‘असल्या बायकांचे बोलणे’ म्हणून ते झटकून टाकणे सोपे राहिले नाही. पुढे पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन, डॉली पार्टन यांची वाट त्यामुळे सुकर झाली.

१९७६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, १९९१ मध्ये जीवनगौरव ग्रॅमी मिळाले. १६ जुलै २०१२ रोजी त्या निवर्तल्या.

गावात एखाद्या बाईचे नाव निघते, तेव्हा तिच्याबरोबरच्या पुरुषाचे नाव आजही कोणी घेत नाही. किटींच्या गाण्याने ते घेतले. त्यांचा खरा वारसा हाच होय.