रोपण केलेली किडनी आणि गोळीचे माप

गेल्या पंधरवड्यात एक वाचक भगिनी दवाखान्यात आल्या. त्यांच्या धाकट्या भावाचे किडनी रोपण होऊन चार महिने झाले आहेत. किडनी आईने दिली. भाऊ हिंडतो-फिरतो, जेवण चांगले आहे, लघवी भरपूर होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आता सगळं ठीक आहे ना? मग गोळीची रक्तातली पातळी परत परत कशाला तपासायला सांगतात? आणि ही गोळी बंद कधी होणार?"

प्रश्न रास्त आहेत. आता लहान गावांतूनही रोपण झालेले रुग्ण दिसू लागले आहेत. ऑपरेशन शहरात होते, पण पुढची सारी वर्षे रुग्ण आपल्या गावात काढतो. म्हणून आज या गोळीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आईची असली तरी परकीच

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. बाहेरून आलेले जंतू ओळखायचे आणि त्यांचा नाश करायचा, हे त्यांचे काम. या राखणदारांना दान, माया, नाते काही कळत नाही. किडनी आईची असली तरी त्यांच्या लेखी ती परकीच. तिच्यावर ते हल्ला करतात. यालाच शरीराने अवयव नाकारणे किंवा रिजेक्शन म्हणतात.

किडनी रोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे केली. देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने ती किडनी परकी मानली नाही. पण जुळा भाऊ प्रत्येकाला कोठून मिळणार? इतरांसाठी राखणदारांना आवरणारे औषध हवे होते. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळाले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमध्ये मातीतील एका जिवाणूपासून सापडले. आज किडनी रोपणानंतर बहुसंख्य रुग्णांना टॅक्रोलिमस देतात. त्याच्या जोडीला सहसा मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन असते.

माप इतके काटेकोर का?

शेतकरी वाचकांना पंपाचा अनुभव आहे. विजेचा दाब कमी असला तर पंप पाणी उचलत नाही; दाब फार वाढला तर मोटार जळते. टॅक्रोलिमसचे तसेच आहे. रक्तात ते कमी पडले तर राखणदार मोकळे सुटतात आणि किडनीवर तुटून पडतात. जास्त झाले तर हात थरथरतात, डोके दुखते, रक्तदाब, साखर व पोटॅशियम वाढते, जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि सर्वात वाईट म्हणजे, जी किडनी वाचवायची तिलाच हे औषध इजा करते.

कमी आणि जास्त यांमधली जागा फार अरुंद आहे. पातळी नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. रोपणानंतर पहिले काही महिने पातळी थोडी वरची ठेवतात, कारण तेव्हा नाकारण्याचा धोका अधिक असतो. पुढे ती हळूहळू खाली आणतात. जुन्या रोपणात अनेक डॉक्टर ती मिलिलिटरमागे ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात. मात्र तुमच्या रुग्णासाठी कोणता आकडा योग्य, हे त्याच्या रोपण केंद्रानेच ठरवायचे. शेजारच्या रुग्णाचा आकडा पाहून घाबरू नये व हुरळूनही जाऊ नये.

गोळीच्या मिलिग्रॅमवरून पातळी सांगता येत नाही. हे औषध पचवणारे एन्झाइम आपल्या आतड्यात आणि यकृतात असते. ते कोणात किती जोमाने काम करते, हे बरेचसे जन्मजात ठरते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोघांना एकाला थोडी आणि दुसऱ्याला त्याच्या दुप्पट मात्रा लागू शकते. म्हणून रक्त तपासण्याला पर्याय नाही.

रुग्ण मला विचारतात, "क्रिएटिनिन तपासतोच, मग ही वेगळी तपासणी कशाला?" क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनीला त्रास होतो आहे, एवढे कळते. पण औषध कमी पडल्यानेही ते वाढते आणि औषध जास्त झाल्यानेही वाढते. एकात मात्रा वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. पातळी माहीत नसेल तर डॉक्टरने अंधारात काय करावे? कधी कधी पातळी पाहूनही उलगडा होत नाही आणि किडनीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

आधी रक्त, मग गोळी

टाकीत पाणी नुकते सोडले असताना मोजले तर टाकी भरलेली दिसणारच. पुढचे पाणी सोडण्याच्या अगदी आधी किती उरले आहे, ते पाहायचे असते. दिवसातून दोनदा घ्यायच्या टॅक्रोलिमसची पातळीही अशीच, रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी आणि सकाळच्या गोळीआधी मोजतात.

आमच्या भागातील एक बाई तपासणीसाठी पहाटेच्या एस.टी.ने शहरात गेल्या. वेळ चुकू नये म्हणून त्यांनी गाडीतच गोळी घेतली आणि दहा वाजता रक्त दिले. रिपोर्टमध्ये पातळी बरीच जास्त आली. मात्रा कमी करण्याची चिठ्ठी लिहून होत होती, तेवढ्यात एका तरुण डॉक्टरने विचारले, "ताई, आज गोळी किती वाजता घेतली?" त्या एका प्रश्नाने पुढचा अनर्थ टळला. फेरतपासणीत पातळी योग्य निघाली. चुकीच्या रिपोर्टवर मात्रा कमी झाली असती तर चांगली चाललेली किडनी धोक्यात आली असती.

म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवावी, रक्त दिल्यावर लगेच घ्यावी. रात्रीची गोळी किती वाजता घेतली, ते प्रयोगशाळेत सांगावे.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट स्वतःविषयी. सांगायला संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण खोकला आणि ताप घेऊन आले. त्यांचे रोपण झाल्याचे मला माहीत होते. पण त्या दिवशी बाजाराचा दिवस, बाहेर बाके भरलेली. मी छाती तपासली आणि सवयीने क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. खोकला कमी झाला होता, पण हात इतके थरथरत होते की चहाचा कप बशीत ठेवता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्यासमोरच रोपणाच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तात टॅक्रोलिमस नेहमीच्या दुपटीहून अधिक निघाले. क्रिएटिनिन १.२ वरून २ वर गेले होते.

घडले ते असे. हे प्रतिजैविक टॅक्रोलिमस पचवणाऱ्या एन्झाइमला रोखते. गोळी तेवढीच राहिली, पण शरीरातून बाहेर पडेना, साठत गेली. केंद्राच्या सांगण्यावरून प्रतिजैविक बदलले, टॅक्रोलिमसचे काही डोस थांबवले, पुन्हा पातळी पाहिली. आठवड्याभरात सारे ताळ्यावर आले. ते गृहस्थ मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण त्यांच्या पत्नीने स्वतःची एक किडनी देऊन त्यांना उभे केले होते आणि माझ्या दोन ओळींच्या चिठ्ठीने ती जाण्याची वेळ आली होती, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून रोपणाच्या रुग्णाला कोणतेही नवे औषध लिहिण्याआधी मी केंद्राला फोन करतो.

काय चढवते, काय उतरवते?

पातळी चढवणारी औषधे: क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरील फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, रक्तदाबावरील डिल्टियाझेम, व्हेरापामिल. फळांमध्ये ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस टाळावे. संत्रे, मोसंबी प्रमाणात चालतात. पोटॅशियम जास्त असेल तर त्याबाबतही डॉक्टरांना विचारावे. जुलाबातही ही पातळी वाढू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

पातळी उतरवणारी औषधे: क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन. यांतील रिफाम्पिसिन आपल्याकडे विशेष महत्त्वाचे, कारण क्षयरोग अजून गेलेला नाही आणि रोपणाच्या रुग्णांना तो होण्याचा धोका अधिक. क्षयाचे उपचार टाळू नयेत, पण सुरू करताना आणि संपवतानाही केंद्राला कळवावे.

अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये. त्या गोळ्या किडनीला थेट घातक ठरतात. आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकले जाणारे काढे, गुळवेल, चूर्णे यांच्या वाटेला जाऊ नये. ज्या शक्तीला आवरण्यासाठी रोज गोळी घ्यायची, तिलाच डिवचण्यात काय हशील?

घरच्यांसाठी थोडक्यात

१) गोळी रोज ठरलेल्या वेळीच, बारा तासांच्या अंतराने घ्यावी. जेवणाआधी की नंतर, हे एकदा ठरले की तेच पाळावे. तेलकट जेवणाबरोबर औषध कमी शोषले जाते.

२) गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. केंद्राला विचारावे. उलटी किंवा जुलाब झाल्यासही कळवावे.

३) दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर मुकाट्याने घेऊ नये. कंपनी बदलली तर पातळी पुन्हा तपासावी लागते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आणि दोनदा घ्यायची गोळी या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

४) घरात निदान पंधरा दिवसांचा साठा असावा. पैशांची अडचण आली तर गोळी अर्धी करू नये. रुग्णालयातील समाजसेवा विभागाला वेळीच सांगावे.

५) एक वही ठेवावी. तारीख, मात्रा, पातळी, क्रिएटिनिन, रक्तदाब. साध्या सर्दीसाठी डॉक्टरकडे गेलात तरी ही वही आधी पुढे करावी.

६) ताप, लघवी कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, वजन झपाट्याने वाढणे, रोपणाच्या जागी दुखणे, हाताची थरथर यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी संपर्क साधावा. आणि काहीही दिसले नाही तरी तपासणी चुकवू नये. नाकारण्याची सुरुवात बहुधा चोरपावलांनी होते. रुग्णाला बरे वाटत असतानाच रक्तात ती दिसते.

आता त्या भगिनींच्या दोन प्रश्नांकडे येऊ. गोळी बंद कधी होणार? किडनी चालते आहे तोवर नाही. भाऊ ठीक आहे, तो या गोळीमुळेच ठीक आहे. आणि तपासणी कशाला? ठीक असलेला भाऊ ठीक राहावा म्हणून. हे ऐकून त्या क्षणभर गप्प झाल्या. मग पर्समधून भावाचे जुने रिपोर्ट काढून म्हणाल्या, "वहीत हे कसं लिहायचं, तेवढं दाखवून द्या." आम्ही दोघांनी पहिले पान तिथेच भरले.

(पुढील आठवड्यात: मधुमेह आणि पायांची निगा)