भेंडीचा ठसा, कापसाचा कागद

दिवाळी जवळ आली की दुकानांतून शुभेच्छापत्रे मांडलेली दिसतात. ती विकत घेण्यात गैर काही नाही. पण चार भेंड्या, एक बटाटा, थोडा रंग आणि जाड कागद एवढ्या साहित्यात तुम्ही स्वतःही सुंदर शुभेच्छापत्रे तयार करू शकाल. या उद्योगात वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि भूमिती हे तिन्ही विषय हाती लागतात. शिवाय आपल्या परभणी जिल्ह्याचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

छेद घेऊन पाहा

एक कोवळी, सरळ भेंडी घ्या. देठाकडून सुमारे दोन बोटे अंतर सोडून धारदार सुरीने एकाच झटक्यात आडवा छेद घ्या. सुरी वापरताना घरातील वडीलधारे माणूस किंवा शिक्षक जवळ असू द्या. कापलेल्या तोंडाकडे नीट पाहा. बाहेरून पाच कंगोरे, आत पाच कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात मध्याकडे चिकटलेली बी अशी रचना दिसेल. मधोमध एक जाडसर अक्ष दिसतो. सर्व बिया त्या अक्षालाच जोडलेल्या असतात.

हे पाच कप्पे कोठून आले? भेंडीच्या पिवळ्या फुलाला पाकळ्या पाच. त्या फुलातील किंजपुट पाच किंजदलांचा मिळून झालेला असतो. फूल गळून गेल्यावर किंजपुट वाढतो व त्याचे फळ होते. म्हणजे फळातील कप्पे ही फुलातील रचनेचीच खूण होय. वनस्पतिशास्त्रात अशा फळाला बोंड म्हणतात.

बोंड म्हटल्यावर परभणी, मानवत, सेलू भागातील मुलांना दुसरेच झाड आठवेल, आणि ते बरोबरच आहे. कापूस आणि भेंडी ही एकाच कुळातील झाडे. जास्वंद आणि अंबाडीही त्यातच येतात. मराठीत या कुळाला भेंडी कुल असेच नाव आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. शेतात गेलात तर एक न उमललेले बोंड आडवे कापा आणि भेंडीच्या छेदाशेजारी ठेवा. कप्पे मोजा. कापसात ते तीन, चार किंवा पाच असे आढळतात.

भेंडीतही दर वेळी पाचच कप्पे असतात असे गृहीत धरू नका. वीस भेंड्या कापून प्रत्येकीचे कप्पे वहीत नोंदवा. बहुतेक वेळा पाच येतील. पण सहा किंवा सात कप्प्यांची एखादी भेंडीही निघेल. कापलेल्या भेंड्या वाया जाणार नाहीत, त्यांची भाजी होते! ठशासाठी फक्त तीन-चार तुकडे बाजूला काढा.

ठसा उठवण्याची कृती

साहित्य : भेंडीचे तुकडे, पोस्टर रंग किंवा जाडसर कालवलेला जलरंग, सुती कापडाची घडी, एक बशी, जुनी वर्तमानपत्रे, चित्रकलेचा जाड कागद.

१. २० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद कागद मधोमध दुमडा. १५ × १० सेंटिमीटरचे पत्र तयार होईल.

२. भेंडीचे कापलेले तोंड जुन्या कापडावर टेकवून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवा.

३. बशीत कापडाची ओलसर घडी ठेवून तिच्यावर रंग पसरा. ही झाली ठशाची गादी.

४. पत्राच्या कागदाखाली वर्तमानपत्राची चार-पाच पदरी घडी ठेवा.

५. भेंडी गादीवर हलकेच टेकवा, मग कागदावर सरळ दाबा व सरळच वर उचला. फिरवू नका.

पाच पाकळ्यांचे फूल उमटेल. शेंड्याकडील तुकड्याने लहान फूल व मधल्या तुकड्याने मोठे फूल असे आलटून पालटून ठसे घेतले की छान वेलपत्ती होते. भेंडी तिरपी कापली तर फूल लांबट होते. किती लांबट, हे त्रिकोणमितीने सांगता येते. भेंडीचा व्यास १.५ सेंटिमीटर असेल आणि सुरीचे पाते भेंडीच्या अक्षाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर छेदाची लांबी १.५ भागिले साइन ३०, म्हणजे बरोबर दुप्पट, ३ सेंटिमीटर येईल. कापून, मोजून खात्री करून घ्या.

असे का करावयाचे?

वरील कृतीतील प्रत्येक पायरीला कारण आहे. भेंडी कापल्यावर जो बुळबुळीत, तार सुटणारा पदार्थ निघतो, त्याला श्लेष्मल द्रव्य म्हणतात. तो बहुशर्करा जातीचा असून पाणी धरून ठेवतो. तोंड ओले असेल तर रंग त्यावर नीट बसत नाही, घसरतो आणि ठसा पुसट येतो. म्हणून ते थोडे सुकू द्यावे लागते. कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवण्याचे कारण असे, की हाताने घेतलेला छेद कधीच अगदी सपाट नसतो. मऊ घडीमुळे कागद किंचित खाली दबतो व छेदाच्या सर्व भागांना टेकतो.

आता एकच ठसा चार कागदांवर घ्या : टीपकागद, वर्तमानपत्राचा कागद, वहीचा कागद आणि चित्रकलेचा कागद. या वेळी रंग मुद्दाम पातळ करा. टीपकागदावर फुलाच्या कडा पसरून फूल ओळखू येईनासे होईल. चित्रकलेच्या कागदावर ते बरेच रेखीव राहील. प्रत्येक ठशाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. तंतूंमध्ये असंख्य बारीक वाटा असतात. त्यांतून पातळ रंग केशाकर्षणाने पुढे सरकतो, जसे दिव्याच्या वातीतून तेल वर चढते. लिहिण्याच्या व रंगविण्याच्या कागदावर खळीसारख्या द्रव्याची प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे पाण्याचा शिरकाव कमी होतो. टीपकागदाला ती मुद्दामच केलेली नसते. हाताने कागद बनविणारे जुने कारागीरही कागदाला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने तो घोटत. बोरूची शाई फुटू नये हाच त्यामागील हेतू.

कागदही त्याच कुळातला

आपल्या मराठवाड्यातच दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. नावातच गावाचा धंदा आला. मुहंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी दौलताबादेस आणली, त्या काळाशी येथील कागदाच्या कारागिरीचा संबंध परंपरेने सांगितला जातो. पुण्यातही १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. हातकागदासाठी सुती चिंध्या हा उत्तम कच्चा माल. चिंध्या कुटून, भिजवून त्यांचा लगदा करतात. लगदा पाण्यात ढवळून चाळणीसारख्या साच्यावर उचलला की पाणी गळून जाते आणि तंतूंचा पातळ थर मागे राहतो. तो दाबून वाळवला की कागद झाला. वाळताना शेजारशेजारचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. म्हणूनच सुती चिंध्यांचा कागद चिवट व टिकाऊ असतो.

हातकागदावर भेंडीचा ठसा उठवलात, तर कागद कापसाचा आणि ठसा भेंडीचा. दोन्ही एकाच कुळातील! गंमत एवढ्यावर संपत नाही. जपानी कारागीर हातकागद बनविताना लगद्याच्या पाण्यात एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. त्यामुळे तंतू एकदम तळाशी बसत नाहीत, पाणी सावकाश निथळते आणि कागद अतिशय पातळ पण एकसारखा होतो. ते झाड भेंडीच्या प्रजातीतलेच आहे. त्याचे शास्त्रीय नाव ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट. हे नाव लक्षात ठेवा, कारण परभणीशी असलेला संबंध त्यातच दडला आहे.

परभणी क्रांती

भेंडीच्या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुजन्य रोग. पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. प्रथम शिरांचे पिवळे जाळे दिसते. पुढे सारे पान पिवळे पडते आणि फळे लहान, फिकट व निबर होतात. लागण लवकर झाली तर शेतकऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘पुसा सावनी’ हा वाण एके काळी या रोगाला दाद देत नसे, परंतु काही वर्षांनी तोही बळी पडू लागला.

परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडलेले आहे. येथील संशोधकांनी पुसा सावनीचा संकर ॲबेलमॉस्कस मॅनिहॉटशी केला. या दूरच्या नातेवाइकात रोगाला तोंड देण्याचा गुण होता. मात्र पहिल्या संकरातील झाडांत नको असलेले गुणही येतात. म्हणून त्या झाडांचा पुन्हा पुन्हा पुसा सावनीशीच संकर करून, दर पिढीत रोग न पडलेली झाडे निवडावी लागली. अशा निवडीतून जो वाण तयार झाला, तो ‘परभणी क्रांती’ या नावाने १९८० च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोचला आणि देशभर लावला गेला.

म्हणजे जपानी कागदाला रस पुरविणारी जात आणि परभणीच्या भेंडीला रोगप्रतिकार देणारी जात एकच. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढे अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही हा रोग दिसू लागला. विषाणूही बदलत असतात. एक चांगला वाण निघाला म्हणजे काम संपले असे होत नाही. म्हणूनच शेतात, बांधावर, रानात उगवणाऱ्या भेंडीच्या भाऊबंदांना तण समजून पार नाहीसे करणे परवडणारे नाही. पुढच्या वाणाला लागणारा गुण कदाचित त्यांच्यातच असेल.

अक्षरांचा ठसा

आता बटाट्याकडे वळू. बटाटा अर्धा कापून सपाट तोंडावर अक्षर कोरले, तर कागदावर ते उलटे उमटते. आरशात दिसते तसे डावे उजवीकडे व उजवे डावीकडे जाते. म्हणून अक्षर पातळ कागदावर लिहून, कागद उलटा धरून जे दिसेल ते कोरावे. ‘शुभ दीपावली’ कोरताना ही युक्ती उपयोगी पडेल. ‘ठसा’ या शब्दाचे पहिले अक्षर ‘ठ’ मात्र सरळ कोरले तरी चालते, कारण त्याचे डावे व उजवे अंग सारखेच आहे. आपल्या वर्णमालेत आणि अंकांत अशी आणखी कोणती चिन्हे आहेत, ते शोधा.

नक्षीचा कागद

पाकिटासाठी नक्षीचा कागद हवा असेल, तर एकच ठसा ओळीने उमटवत जा. समजा, मध्ये जागा मुळीच मोकळी सोडायची नाही. कोणता आकार निवडाल? चौकोनाचा कोन ९० अंश; चार चौकोन एका बिंदूभोवती बसतात, कारण ९० × ४ = ३६०. समभुज त्रिकोण सहा बसतात. मधमाशीच्या पोळ्यातील षट्कोनाचा कोन १२० अंश; ते तीन बसतात. नियमित पंचकोनाचे मात्र जमत नाही. त्याच्या कोनांची बेरीज ५४०, म्हणून प्रत्येक कोन १०८ अंश. तीन पंचकोन मिळून ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट उरते. चौथा तेथे मावत नाही. भेंडीच्या पाचकोनी ठशांत फटी राहतात त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. तो पाच या संख्येचा गुण आहे.

परंतु पंचकोन नियमित नसेल तर? बटाट्यावर घराचा आकार कोरा : खाली २ सेंटिमीटर बाजूचा चौरस, वर १ सेंटिमीटर उंचीचे छप्पर. हाही पंचकोनच. घरांची एक ओळ छापा. दोन छपरांमधील खोबणीत तोच ठसा उलटा फिरवून छापा. फट राहणार नाही!

असे फट न ठेवणारे पंचकोन किती प्रकारचे असतात, हा प्रश्न गणितज्ञांना अनेक वर्षे सतावत होता. १९७५ साली अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात याविषयी लेख आला. तो वाचून मार्जोरी राइस नावाच्या गृहिणीने स्वयंपाकघरातच आकृत्या काढायला सुरुवात केली. गणिताचे उच्च शिक्षण नसताना तिने चार नवे प्रकार शोधले. पंधरावा प्रकार २०१५ साली सापडला आणि याहून अधिक प्रकार नाहीत, याची सिद्धता २०१७ साली पुढे आली.

स्वतः करून पाहा

१. परभणी क्रांतीच्या किंवा बाजारात मिळणाऱ्या वीस भेंड्यांतील कप्प्यांच्या संख्येचा स्तंभालेख काढा.

२. कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. खळीत थोडा धुण्याचा सोडा कालवून त्याचा भेंडीने ठसा घ्या. पिवळ्यावर तांबडे फूल उमटेल. त्यावर लिंबाचा रस लावल्यावर काय होते? (सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा.)

३. घराच्या आकाराच्या ठशाचे क्षेत्रफळ काढा. १५ × १० सेंटिमीटरच्या पत्रावर, काठावरचे अर्धवट ठसे एकत्र मोजल्यास, असे किती ठसे मावतील?

४. कारले, कांदा, पेरू व लिंबू यांचे आडवे छेद घेऊन ठसे काढा. प्रत्येकात किती कप्पे किंवा वलये दिसतात ते लिहा.

यंदा निदान एक तरी शुभेच्छापत्र असे तयार करून मित्राला पाठवा, आणि आतल्या बाजूस एका ओळीत लिहा, की हे फूल कोणत्या फळाचे आहे ते ओळख पाहू!