ताऱ्यांचा दोष

संकट आले की मनुष्य त्याचे कारण शोधू लागतो. कोणी म्हणतो, ग्रह फिरले; कोणी म्हणतो, मागचे पाप भोवले. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकात कॅशियस ब्रूटसला निराळेच सांगतो. आपण दुय्यम ठरलो तर तो दोष आपल्या ताऱ्यांचा नसून आपला स्वतःचा आहे, असे त्याचे म्हणणे. हा विचार पुरुषार्थ जागविणारा आहे खरा; परंतु तो प्रत्येक दुःखाला लागू पडेल काय?

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत हाच प्रश्न मांडला आहे. तिचे नाव ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’, म्हणजे ‘आपल्या ताऱ्यांतील दोष’. तरुणपणी काही महिने ते मुलांच्या रुग्णालयात रुग्णांना व त्यांच्या आप्तांना धीर देण्याचे काम करीत. या कथेचे बीज तेथेच पडले.

कथेची नायिका हेझल ही इंडियानापोलिस शहरातील सोळा वर्षांची मुलगी. तिच्या गळ्यातील ग्रंथीचा कर्करोग फुप्फुसांपर्यंत पसरलेला असतो. प्राणवायूचे नळकांडे तिला सदैव बरोबर बाळगावे लागते. अशाच व्याधीशी झुंजणाऱ्या मुलांच्या एका मंडळीत तिची ऑगस्टसशी ओळख होते. तो सतरा वर्षांचा, एके काळचा बास्केटबॉलपटू. हाडाच्या कर्करोगापायी त्याला एक पाय गमवावा लागलेला. दोघांत प्रथम मैत्री होते आणि पुढे प्रेम जडते.

हेझलची एक आवडती कादंबरी वाक्याच्या मध्यावरच संपते. त्यातील माणसांचे पुढे काय झाले, हे लेखकाला विचारण्यासाठी दोघे हेझलच्या आईसह हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमला जातात. लेखक उत्तर तर देत नाहीच, उलट त्यांचा अपमान करतो. त्याच शहरात, ॲन फ्रँक ही मुलगी महायुद्धात जेथे लपून राहिली होती ते घर आहे. त्याचे उंच जिने हेझल धापा टाकीत, पण नेटाने चढून जाते.

हेझलला मरणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे भय वाटत असते. आपण गेल्यावर जिवलगांना केवढे दुःख होईल! हातबॉम्ब फुटला की जवळच्यांना इजा होते, तशीच आपली गत, असे वाटून ती कोणाला फार जवळ येऊ देत नाही. पण घडते उलटेच. ऑगस्टसचा आजार उलटतो आणि तोच आधी जातो. हेझलचा शोक अनावर होतो. तरीही त्याची ओळख झालीच नसती तर बरे, असे तिला क्षणभरही वाटत नाही.

शरीरातील पेशी बेसुमार वाढू लागल्या की कर्करोग होतो. तो स्पर्शाने पसरत नाही. त्यात या मुलांचा अपराध कोणता? कॅशियसला ग्रीन यांनी दिलेले उत्तर हेच आहे. आजार मनुष्य निवडीत नाही. परंतु कोणावर माया करावी, हे तो निवडू शकतो.

या कथेवर २०१४ साली इंग्रजी चित्रपट निघाला. २०२० साली आलेल्या ‘दिल बेचारा’ या हिंदी चित्रपटात तीच कथा जमशेदपूरला आणलेली आहे.

तुमचा एखादा सोबती दीर्घ आजाराने अंथरुणास खिळला, तर त्याच्याशी कसे वागाल? केवळ कीव केलेली त्याला आवडणार नाही. त्याच्याशी शाळेविषयी बोला, खेळाविषयी वाद घाला, त्याला एखादे पुस्तक वाचून दाखवा. तो रुग्ण आहे. पण त्याआधी तो तुमचा मित्र आहे.

स्वाध्याय

१. हेझल इतरांना जवळ का येऊ देत नसे?
२. कॅशियसचे म्हणणे कोठे पटते व कोठे पटत नाही, ते सकारण लिहा.
३. आजारी मित्रास दहा ओळींचे पत्र लिहा. त्यात त्याच्या आजाराचा उल्लेख करू नका.