परवलीच्या शब्दांची निगा

पूर्वीं सात-बाराचा उतारा लागला म्हणजे खातेदार चावडीवर जात असे. तलाठी त्यास तोंडानें ओळखी. बाप-आजा, भाऊबंद, बांधावरचीं झाडें हीं सर्व त्यास ठाऊक असत, आणि ती ओळख हीच खातेदाराची परवल होती. सांप्रत तोच उतारा डिजिटल सहीनिशीं पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. दाखल्यांचे अर्ज 'आपले सरकार'वर, अवजारें व ठिबक यांच्या अनुदानाचे अर्ज 'महाडीबीटी'वर आणि वारस वा बोजा यांच्या नोंदीचे अर्ज 'ई-हक्क' प्रणालींत करतां येतात. ही सोय मोठी आहे. परंतु यंत्रास माणसाची ओळख नसते. (पीएम किसानच्या ॲपमध्यें चेहरा दाखवून ई-केवायसी होते, तो अपवाद समजावा.) यंत्र वापरकर्त्याचें नांव विचारतें, परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, विचारतें, आणि पुष्कळदां मोबाइलवर कांहीं अंक धाडून तेच परत विचारतें. हीं उत्तरें जो देईल तो खातेदार, मग तो त्या बांधावर कधीं उभा राहिलेला असो वा नसो.

आमची नोकरी महसुली दफ्तरांत कारकुनींत गेली. सेवानिवृत्तीनंतर आमच्याकडे जे शेतकरी बंधु येतात, त्यांपैकीं कित्येकांचें मागणें 'पासवर्ड विसरला, तेवढा काढून द्या' हेंच असतें. येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. जुना पासवर्ड काढून देणें तहसीलदाराच्या हातीं नाहीं व संकेतस्थळ चालविणाऱ्याच्याही हातीं नाहीं. नीट बांधलेल्या प्रणालींत पासवर्ड जशाचा तसा ठेवलेलाच नसतो. त्यावर गणिती क्रिया करून एक लांबलचक खूण तयार करतात व ती ठेवतात. जोंधळा दळून पीठ होतें, पिठाचा पुन्हां जोंधळा होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. आपण शब्द लिहिला कीं यंत्र तो नव्यानें दळतें आणि हें पीठ ठेवलेल्या पिठाशीं जुळतें कीं नाहीं तेवढें पाहतें. म्हणून विसरलेल्या शब्दास उपाय एकच, नवा शब्द बसविणें. कोणी 'तुमचा जुना पासवर्ड मी सांगतों' म्हणाला, तर त्यानें तो आपल्याजवळ टिपून ठेविला आहे हें ओळखावें.

नवा शब्द बसविण्याची रीत अवघड नाहीं. खातें उघडण्याच्या पानावर 'पासवर्ड विसरलात?' असें एक वाक्य बहुधा असतें. त्यावर बोट ठेवलें कीं वापरकर्त्याचें नांव व चित्रांतील वेडीवांकडीं अक्षरें मागतात, आणि नोंदविलेल्या मोबाइलवर ओटीपी, म्हणजे एकदांच चालणारा अंक, येतो. आधारचा असा अंक दहा मिनिटें चालतो. धीर न धरतां तो पुन्हां पुन्हां मागितल्यास घोटाळा होतो. शेवटीं आलेला असेल तोच घालावा. अंक जुळल्यावर नवा शब्द दोन वेळां लिहावा लागतो. इंग्रजी मोठें अक्षर, लहान अक्षर, एखादा आंकडा व एखादें चिन्ह अशी मागणी बहुतेक ठिकाणीं असते. 'शब्द बरोबर असूनही घेत नाहीं' या तक्रारींचें मूळ शोधतां आम्हांस बहुधा क्षुल्लक कारण सांपडलें आहे: संगणकावर मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहते, मोबाइलचा कळफलक मराठी राहतो, किंवा शब्दाअखेर नकळत एक मोकळी जागा सुटते. रकान्याशेजारीं डोळ्याचें चित्र असल्यास त्यावर बोट ठेवून लिहिलेलें वाचून पाहावें. चुकीचा शब्द वारंवार घातल्यास कित्येक संकेतस्थळें खातें कांहीं काळ बंद करतात. तिसऱ्या चुकीनंतर अंदाज सोडून नवा शब्द बसविण्याकडे वळावें.

हा सर्व खटाटोप मोबाइल क्रमांकावर अवलंबून आहे, व खरी मेख तेथेंच आहे. आमच्या शेजारच्या एका बागाइतदारानें २०२३ सालीं ठिबक संचासाठीं अर्ज केला. तेव्हां निवड सोडतीनें होत असे. सोडतींत त्याचें नांव निघालें. परंतु अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकानें घाईंत स्वतःचाच क्रमांक घातला होता. निवडीचा संदेश त्याच्याकडे गेला, इतर संदेशांच्या गर्दींत बुडाला, कागदपत्रें सादर करण्याची मुदत टळली आणि अर्ज रद्द झाला. संच अखेर पदरच्या पैशानें बसवावा लागला. केंद्रचालक लबाड नव्हता, निष्काळजी होता; नुकसान मात्र लबाडीइतकेंच झालें. २०२५ पासून सोडत जाऊन प्रथम येणाऱ्यास प्राधान्य ही रीत आली व शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला, तरी संदेश मोबाइलवरच येतात. तेव्हां अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला असल्यास त्यांत क्रमांक कोणाचा आहे हें पावतीवर बोट ठेवून पाहावें.

बंद पडलेल्या क्रमांकाचा धोका याहून मोठा आहे. रिचार्ज न करतां क्रमांक पडून राहिला तर कंपनी तो बंद करते, आणि बंद झाल्यापासून किमान ९० दिवस गेल्यावर तो दुसऱ्या ग्राहकास देतां येतो. मग आपल्या खात्याचे अंक परक्याच्या खिशांत पडूं लागतात. क्रमांक बदलावयाचा असल्यास जुना चालू असतांच प्रथम आधारास, मग बँकेस व त्यानंतर एकेका संकेतस्थळास नवा कळवावा. आधार प्रथम अशासाठीं कीं पुष्कळ ठिकाणीं ओळख त्यावरूनच पटवितात. जुना हातचा गेलाच असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडून घ्यावा. ऑक्टोबर २०२५ पासून या कामाचें शुल्क ७५ रुपये आहे. कोणी अधिक मागितल्यास १९४७ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

शब्द कसा निवडावा याविषयीं लोकांच्या कल्पना विचित्र आहेत. मुलाचें नांव व जन्मसाल हें तर नित्याचेंच, परंतु गट नंबर घालणारेही आम्हीं पाहिले आहेत. अहो, गट नंबर महाभूलेखावर साऱ्या जगास खुला आहे! आधारची जी पीडीएफ प्रत मिळते तिचा पासवर्ड नांवाचीं पहिलीं चार मोठीं इंग्रजी अक्षरें व जन्मवर्ष असा ठरलेलाच आहे. सर्वांस ठाऊक असल्यानें त्यास कुलूप न म्हणतां नुसती कडी म्हणावी, व तो नमुना अन्य खात्यास लावूं नये. खरी मजबुती लांबींत आहे. एकमेकांशीं संबंध नसलेले तीन-चार शब्द, जसे तिफण, गूळ, पायरी, वीज, इंग्रजी अक्षरांत सलग लिहून मध्यें एक आंकडा व चिन्ह घातलें तर तें आपल्या लक्षांत राहतें व परक्यास सुचत नाहीं. (हेच चार मात्र कोणी घेऊं नयेत.) शब्द ठराविक मुदतीनें बदलावा असें पूर्वीं सांगत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१७ सालीं याच्या उलट सल्ला दिला, आणि तो आम्हांस पटतो. सक्तीनें बदलावयास लावलें कीं माणूस शेवटचा आंकडा तेवढा पुढें सरकवितो. शब्द फुटल्याचा संशय आल्यास मात्र त्याच दिवशीं बदलावा. बँकेचा व सरकारी सेवेचा शब्द कधींही एक नसावा.

शब्द कागदावर लिहूं नये असें कित्येक जाणते सांगतात. आमचें मत निराळें आहे. केंद्रचालकाच्या वहींत राहण्यापेक्षां तो आपल्या वहींत, खरेदीखतांच्या पेटींत, कुलपाआड राहिलेला बरा. शब्दाशेजारीं वापरकर्त्याचें नांव, नोंदविलेला मोबाइल व तारीख लिहावी. सरकारी तिजोरीस दुहेरी कुलूप असतें व किल्ल्या दोन अंमलदारांकडे असतात. एकट्यास ती उघडतां येत नाहीं. येथें वही ही एक किल्ली, मोबाइल ही दुसरी. दोन्ही एका पिशवींत घालून बाजारास जाऊं नये. केंद्रावरील संगणक 'पासवर्ड जतन करूं का?' असें विचारतो, त्यास नकार द्यावा व उठण्यापूर्वीं खात्यांतून बाहेर पडावें.

ओटीपी कोणासही फोनवर सांगूं नये, तो मागणारा आपणांस साहेब म्हणवीत असला तरी. पीएम किसानच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल उघडूं नये. ती मोबाइलमध्यें शिरली कीं येणारे अंक परस्पर चोरांस कळूं शकतात. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवावें, कारण विलंब झाल्यास रक्कम पुढें सरकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क खालीं गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे.

घरचा कर्ता वारल्यावर मुलगा वडिलांच्याच शब्दानें व मोबाइलनें व्यवहार चालू ठेवतो, असें आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें. हेतु वाईट नसतो. परंतु मयताच्या नांवानें घेतलेला हप्ता परत करण्याची पाळी येते व भावांत संशय शिरतो तो निराळाच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणें मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. ती चावडीवर किंवा ई-हक्कवर द्यावी, फेरफार मंजूर झाल्यावर प्रत्येक वारसानें आपल्या आधारावर स्वतःचें खातें उघडावें, व वडिलांच्या वहीचें तें पान तारीख घालून रद्द करावें.