परसातील कोंबड्या : नर-मादीची पारख
अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत परसातील कोंबड्या हा गृहिणीच्या हाती येणारा रोख पैसा होय. पारख चुकली की तलंग बाजारात जाते आणि कोंबडा दाणा खात राहतो. दोन महिन्यांच्या सुमारास नराचा तुरा ठळक व लाल होतो. पुढे कमरेवर लांब, टोकदार पिसे येतात. मादीची पिसे गोलसर असतात. नराविनाही कोंबडी अंडी देते. पिल्लांसाठी दहा माद्यांमागे एक नर पुरेसा.

ज्वारीसोबत शेंगदाण्याची ढेप व शिंपल्यांचा चुरा द्यावा. सरकीची ढेप टाळावी. तिच्यातील गॉसिपॉलमुळे बलकाचा रंग बिघडतो. वऱ्हाडी उन्हाळ्यात अंडी घटतात. म्हणून सावली व थंड पाणी हवेच. मानमोडीची लस वेळेवर टोचून घेण्याची व्यवस्था ग्रामपंचायतींनी अगत्याने करावी.