टेकडीवर श्रमदानाला निघालेल्या भाचरांसाठी

बाळा, दर रविवारी वेताळ टेकडीवर कामाला जायचं ठरवलंस, नवे बूटही घेतलेस म्हणे. फार बरं वाटलं. कुदळ कशी धरायची ते तिथली मंडळी शिकवतीलच; उरलेलं मामाकडून ऐकून ठेव.

१. पहिल्या रविवारी हत्याराला हात लावू नकोस, नुसती टेकडी फिरून ये – पाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं, मोर कुठे उतरतात हे पाहिल्याशिवाय कुठे खणायचं नाही ते कळत नाही.

२. काम काढण्याआधी जागा कुणाची ते विचार – आपल्या टेकड्यांचा काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी मालकीचा आहे. परवानगीच्या पत्राचा फोटो मोबाइलमध्ये असू दे, आणि वनरक्षक भेटले की आधी दोन शब्द बोल – टेकडीचा कोपरा न् कोपरा त्यांच्या पायाखालचा असतो.

३. गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे मनात पक्कं कर. ही टेकडी सुमारे ८०० मीटर उंच, पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. पण तिच्यावर माती थोडी, मुरूम फार, म्हणून मुळात तिथे गवत आणि विरळ झाडंच शोभतात. चंडोल, तित्तिर, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. प्रत्येक मोकळ्या तुकड्यात झाड खुपसलं, तर त्यांनी जायचं कुठे? माणूस दिसला नाही म्हणून घर ओस नसतं, आणि झाड दिसलं नाही म्हणून माळ उजाड नसतो.

४. जिथे लावायचंच, तिथे इथलं झाड लाव – मेडशिंगी, पळस, खैर, हिवर, सालई, पांगारा यांना उन्हाळा काढायची सवय आहे. गुलमोहर दिसायला देखणा, पण तो मादागास्करचा. त्याला रस्त्याकडेला राहू दे.

५. गिरिपुष्पावर एकदम कोयता चालवू नकोस. हे मध्य अमेरिकेतलं झाड, लवकर वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर मुद्दाम लावलं गेलं आणि मग त्यानं उतारच्या उतार व्यापले. त्याच्या दाट सावलीत गवत तग धरत नाही, हे खरं. पण बुंधा तोडला की चहूबाजूंनी फुटवे येतात, आणि महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, म्हणजे विनापरवाना तोडणं हा गुन्हा. त्यापेक्षा त्याच्याच आडोशाला इथली रोपं वाढव आणि ती सावरली की परवानगीने गिरिपुष्प हळूहळू विरळ करवून घे – घाईनं मोकळा केलेला उतार एका पावसात माती सोडतो.

६. खड्डे एप्रिल-मेमध्ये, रोपं जूनअखेरच्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर – आधी माती तापू दे, मग भिजू दे. रोप हातभर उंचीचंच घे. फोटोत सहाफुटी रोप छान दिसतं, मला कळतं रे; पण मुरमात लहान रोपाची मुळं आधी खाली जातात.

७. रोपाची प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने कापून काढ आणि मोजून घरी ने – पिशवीसकट लावलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात.

८. आता सगळ्यात महत्त्वाचं. पुण्याचा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, आणि जानेवारीनंतर मुरूम तव्यासारखा तापतो. लावलेल्या रोपाला निदान तीन उन्हाळे पाणी लागतं; आळं करून त्यात पालापाचोळा अंथर, म्हणजे ओल टिकते. लावणारे शंभर, पाजणारे चार, अशी टेकडीची रीत आहे. तू त्या चारांत राहा. पन्नास रोपं लावण्यापेक्षा पाच लाव आणि त्या पाचांचा हिशेब ठेव – पुढच्या वर्षी कुणी विचारलं, तर प्रत्येक रोप कुठे आहे ते दाखवता आलं पाहिजे.

९. झाड वाढलं की जाळी आणि तार काढायला कुणीतरी हवं – राखण म्हणून लावलेली तार पुढे खोडात रुतते. खिळे ठोकून पाट्या तर मुळीच लावू नकोस.

१०. दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत. पलीकडची कड कुदळीने उचलून आपल्याकडे उलट – खाली फुरसं किंवा विंचू असला तर त्याला पलीकडे पळायला वाट राहते. मग दगड होता तसाच ठेव, ते कुणाचं तरी छप्पर आहे.

११. कुणाला साप चावलाच, तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काही नको. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि लगेच १०८ला फोन करा – गाठायचं असतं इस्पितळ, मांत्रिक नव्हे.

१२. पायवाटेवरून पाण्याचा लोंढा वाहत असेल, तर दगडांची तिरकी ओळ बसवून पाणी बाजूला काढ. लोकांनी पाडलेल्या आडवाटा काटेरी फांद्या टाकून बंद कर – त्यांवरूनच पावसात माती खाली येते. पाणी मुरवायचे चर मात्र डोळ्यांच्या अंदाजाने खणू नकोस, नळीत पाणी भरून पातळी बघ – चर जरा उतरता झाला की त्याचाच ओढा होतो. आणि कुणी पेव्हर ब्लॉक सुचवले, तर गोड बोलून नाही म्हण.

१३. गाजरगवत फुलायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपट – एकेका रोपाला हजारो बिया धरतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५५च्या सुमारास आपल्या पुण्यातच झाली, तेव्हा ही जबाबदारी आपलीही आहे. हातमोजे आणि तोंडाला रुमाल विसरू नकोस, या गवतानं अंगावर खाज उठते.

१४. फेब्रुवारीपासून वाळल्या गवताला ठिणगी पुरते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून केलेले पट्टे, वेळेत झाल्या का ते विचारत राहा. धूर दिसला, तर वनविभागाच्या १९२६ला नाहीतर अग्निशमन दलाच्या १०१ला आधी फोन, बाकी सगळं नंतर – वारा फिरला की उतारावर आग माणसापेक्षा वेगानं चढते. नायलॉनचे कपडे घालून ती विझवायला धावू नकोस.

१५. निघताना हत्यारं मोज – गवतात राहिलेला विळा पुढच्या रविवारी कुणाच्या तरी पायालाच सापडतो.

१६. बकऱ्या चारणाऱ्यावर ओरडू नकोस, त्याच्याजवळ बस – कुठली रोपं बकऱ्या सोडतात, कुठली खातात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

जूनमध्ये टेकडीवर गर्दी असेल, तेव्हा नाही आलास तरी चालेल. मार्चमध्ये मात्र ये, पाच लिटरचा कॅन घेऊन.