कांचेच्या पेटींतील शेजार

गेल्या दिवाळींत मुलाच्या हट्टास्तव मीं तीन फूट लांबीची एक कांचेची पेटी घरीं आणिली. तींत एक ऑस्कर व कॉन्व्हिक्ट जातीचे दोन पट्टेरी मासे सोडिले. होळीच्या सुमारास रुपयाएवढ्या दोन एंजल माशांची त्यांत भर पडली. “सगळे सिक्लिडच आहेत, साहेब, एकाच कुळांतले, गुण्यागोविंदानें नांदतील,” असें दुकानदारानें सांगितलें, आणि शास्त्रविषय शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्यानें तें खरें मानिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें मला हलवून जागें केलें. “बाबा, एंजल दिसत नाहींत.” वाळूवर एका एंजलचा पर तेवढा पडला होता. ऑस्कर कोपऱ्यांत अगदीं संथ उभा होता. मुलगा त्या दिवशीं जेवला नाहीं. त्यास काय उत्तर द्यावें हें शोधीत असतां जें वाचलें व पाहिलें, तें येथें मांडीत आहें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं आतां अशा पेट्या आहेत, आणि त्यांचा खर्च पालकांच्याच खिशांतून होत असतो.

सिक्लिड कुलाच्या सोळाशेंहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं वर्णिल्या आहेत. हें कुल आपणांस अगदींच परकें नाहीं. कोंकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर हा सिक्लिडच. केरळांत त्यास करीमीन म्हणतात व २०१० सालीं त्या राज्यानें त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. धरणांतली चिलापी हीही याच कुलांतली, मात्र मूळची आफ्रिकेची व भारतांत १९५२ सालीं आणिलेली. परंतु कुल एक म्हणजे स्वभाव एक असें नव्हे. मांजर व वाघ यांचेंही कुल एकच आहे!

प्रथम पाण्याचा विचार. पूर्व आफ्रिकेंतील मलावी सरोवराचें पाणी अल्कधर्मी असून त्याचा सामू ७.७ ते ८.६ यांच्या दरम्यान असतो. उलट, ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून आलेल्या एंजल व डिस्कस यांचें मूळचें पाणी सुफेन व किंचित् आम्लधर्मी. आपल्या पठारावरील विहिरींचें पाणी पुष्कळदां जड असतें. साबणाला फेंस येतो कीं नाहीं हें आईस विचारलें म्हणजे कळेल. अशा घरीं मलावीचे मासे ठेवावे, डिस्कसच्या मागें लागूं नये.

दुसरा प्रश्न वाढीचा. दुकानांतला दोन इंची ऑस्कर पुढें एक फुटाचा होतो, आणि जें तोंडांत मावेल तें त्याचें अन्न. माझ्या घरीं घडलें तें यांतच आलें. फ्लॉवरहॉर्न हा तर मनुष्यानेंच संकरानें निर्माण केलेला मासा. त्यास एकटाच ठेवावा.

खरी मौज आहे ती मलावीच्या खडकांत राहणाऱ्या एम्बुना माशांची. हे खडकांवरचें शेवाळ खरवडून खातात. त्यांना सतत मांसल खाद्य दिल्यास त्यांचें पोट बिघडतें. प्रत्येक नर आपली कपार आपलीच मानतो व स्वतःसारख्या रंगाच्या नरावर सर्वांत अधिक चवताळून जातो. म्हणून दोन जाती निवडतांना रंग निरनिराळे असावे. एका नरामागें तीन-चार माद्या असाव्या, आणि पेटींत दगडांच्या पुष्कळ कपारी रचाव्या. नवलाची गोष्ट अशी कीं, मासे थोडे असल्यास भांडण वाढतें: दांडगा नर एकाच दुबळ्यास गांठतो. दहा-बारा असले म्हणजे त्याचा राग वांटला जातो. ते सर्व एकाच वेळीं सोडावे. मागाहून नवा आणावयाचा झाल्यास आधीं दगडांची मांडणी मोडावी, म्हणजे कोणाचीच वतनदारी उरत नाहीं. अर्थात् गाळणयंत्रांत अमोनिया पचविणारे जीवाणू आधींच वाढलेले असले पाहिजेत. नाहीं तर हा जमाव स्वतःच्याच मलानें मरेल. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें दीडशें लिटर पाणी मावतें. तेवढ्यांत पिवळा ‘इलेक्ट्रिक यलो’ व तांबूस-जांभळा ‘रस्टी’ हे सौम्य स्वभावाचे दोन एम्बुना मजेंत राहतात.

मला स्वतःला मात्र आपल्याकडील ऑरेंज क्रोमाइड अधिक आवडतो. तो तीन इंचांच्या आंतबाहेरच वाढतो; पांच-सहांचा थवा ठेवावा. खाजणांत याचीं पिलें काळुंदराच्या अंगावरील परजीवी टिपून त्याची स्वच्छता करितात, आणि हाच क्रोमाइड मोठेपणीं काळुंदराचीं अंडीं खातो. शेजाराचें हें नातें कोणत्या सदरांत घालावें हें माझ्या मुलास अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आमचा ऑस्कर एका परिचितांच्या सहा फुटी पेटींत गेला. त्यास तळ्यांत सोडण्याची सूचना एका शेजाऱ्यांनीं केली होती, परंतु चिलापीनें आपल्या जलाशयांत काय केलें तें ठाऊक असल्यानें मीं ती मानिली नाहीं. कॉन्व्हिक्टचें जोडपें मागें राहिलें. त्या दोघांनीं फुटक्या कुंडींत अंडीं घातलीं; तीन दिवसांनीं पिलें निघालीं, आणि तेव्हांपासून आईबाप दोघेही पेटींत घातलेल्या माझ्या बोटाला चावावयास धांवतात. मुलगा वहींत पिलांची गणती ठेवितो. पण तीं हलत असल्यामुळें आंकडा दररोज निराळा येतो.